दहा सेकंदांची उसंत

समोरच्याला श्वास घेऊ न देता त्याला हरवणं नीतीला धरून आहे का, यावर बी.कॉम.च्या तीन वर्षांत मला एका मार्काचाही प्रश्न आला नाही. ऑडिट होतं, मर्कंटाइल लॉ होता, पण घाई पुण्य की पाप, हे ‘ऑप्शन’लासुद्धा नव्हतं. तो प्रश्न मला चाळिशी उलटल्यावर अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलने घातला.

हा फुटबॉल आपला नव्हे. हा बहुतेक हातानेच खेळतात. माझा भाचा अलाबामा विद्यापीठात शिकतो. तिथे हा खेळ शिकवावा लागत नाही, गोवरासारखा होतो. त्याच्याकडून मला समजलं ते एवढं : अकरा इकडे, अकरा तिकडे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की नवे चार प्रयत्न. एक प्रयत्न काही सेकंदांत आटोपतो आणि पुढचा सुरू करायला चाळीस सेकंद मिळतात. त्या वेळात चढाई करणारे खेळाडू डोक्याला डोकं लावून कोंडाळं करतात आणि पुढचा डाव ठरवतात. याला म्हणायचं हडल. महागाई भत्त्याची बातमी आली की आमच्या ऑफिसात पाण्याच्या पिंपाजवळ होतं ना, तेच.

या कोंडाळ्याचा जन्म मोठा गोड आहे. वॉशिंग्टनला गॅलॉडेट नावाची कर्णबधिर विद्यार्थ्यांची संस्था आहे. १८९० नंतरच्या दशकात तिथल्या पॉल हबर्ड या खेळाडूने ते सुरू केलं, असं सांगतात. डाव हाताच्या खुणांनी ठरायचा. समोरचा संघही खुणा वाचणारा असला की सगळं गुपित उघड्यावर! म्हणून पाठी बाहेर, तोंडं आत.

पुढे काही कोचांनी ठरवलं, कोंडाळंच नको. एक प्रयत्न संपला की धावत जागेवर उभं राहायचं, मैदानाबाहेरून खूण घ्यायची की लगेच चेंडू चालू. गस मालझान नावाचे गृहस्थ आर्कान्सात शाळेच्या संघाचे कोच होते, तेव्हाच २००३ साली त्यांनी या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. चिप केली २००९ ते २०१२ ओरेगनचे मुख्य कोच होते. त्यांची माणसं तर मैदानाच्या कडेला चित्रांच्या भल्यामोठ्या पाट्या नाचवायची.

यात मेख अशी, की चढाईवाल्यांनी खेळाडू बदलला तर बचाववाल्यांनाही बदलायला वेळ द्यावा लागतो. त्यांनी कुणालाच बदललं नाही, तर बचाववाल्यांना ‘जरा थांबा हो’ म्हणायचा अधिकार नाही. सव्वाशे-दीडशे किलोचा गडी धापा टाकतोय, बाहेर ताजातवाना भिडू उभा आहे, आणि त्याला आत यायला फटच मिळत नाही. मग धापा टाकणाऱ्याला अचानक लंगडायची बुद्धी होते. २०१० साली ओरेगनविरुद्ध असं खोटं दुखणं काढायला लावलं म्हणून कॅलिफोर्नियाच्या एका सहायक कोचला एका सामन्यापुरतं घरी बसवलं होतं. आमच्या धंद्यात यालाच ‘सर्व्हर डाउन’ म्हणतात. सगळेच सर्व्हर खरोखर डाउन असतात, असं मी शपथेवर सांगणार नाही.

तेव्हा माझं मन कुणाच्या बाजूने असेल हे सांगायला नको. एक तारखेला खिडकीशी जो येतो तो ताजा असतो, आत मी मात्र सकाळपासून तोच.

पण २०१४ च्या फेब्रुवारीत तिथल्या नियम समितीने एक प्रस्ताव आणला, आणि माझ्यातला कारकून खाडकन जागा झाला. चाळीस सेकंदांतली पहिली दहा सेकंद चेंडू चालूच करायचा नाही. बचाववाल्यांना माणसं बदलू द्यायची. कारण काय? खेळाडूंची सुरक्षितता. या बाजूने बोलणारे कोण? अलाबामाचे निक सेबन आणि आर्कान्साचे ब्रेट बिलेमा, दोघेही सावकाश दळणाऱ्या जात्याचे भक्त. साहजिकच धावणाऱ्यांनी बोंब मारली, की ही काळजी खेळाडूंची नव्हे, गुणफलकाची.

इथे मात्र मी थबकतो. मागणाऱ्याचा फायदा आहे एवढ्यावरून मागणी खोटी ठरते का? जेवणाची सुट्टी हवी असं म्हणणाऱ्या कारकुनाला भूक लागलेली असते, यात त्याचा स्वार्थ आहेच. म्हणून भूक खोटी होत नाही. पण त्या प्रस्तावात एक सवलत होती : दोन्ही अर्धांतली शेवटची दोन मिनिटं हा नियम लागू नाही. आता सांगा, माणूस जास्तीत जास्त दमतो कधी? ज्या औषधाची बाटली नेमकी ताप चढल्यावर बंद करायची, त्या औषधाबद्दल मला शंका येते. शिवाय घाईने इजा वाढतात याचा हिशेब कुणी मांडला नव्हता. व्हाउचरशिवाय एंट्री! मार्चमध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला.

याच सेबन साहेबांची आधीची एक गोष्ट भाचा डोळ्यांत पाणी आणून सांगतो. ३० नोव्हेंबर २०१३, समोर मालझान यांचं ऑबर्न, २८-२८ बरोबरी. घड्याळ संपलं. सेबन यांनी भांडून एक सेकंद परत मिळवला. त्या सेकंदात मारलेली ५७ यार्डांची किक तोकडी पडली आणि ऑबर्नच्या ख्रिस डेव्हिसने तो चेंडू झेलून या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत सामना संपवला! पुढे अलाबामानेही वेग उचलला आणि त्यावर विजेतेपदंही मिळवली. २०२४ च्या जानेवारीत सेबन निवृत्त झाले.

मैदानापुरतं माझं मत झालेलं आहे. तिथे दोन्ही बाजू वर्षभर घाम गाळून, नियम वाचून उतरतात. वेग हाही घामच. पण खिडकीवर पेन्शनच्या आजी येतात, नोटा दोनदा मोजतात, पुन्हा पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवताना काहीतरी पुटपुटतात. ते त्यांचं एकटीचं कोंडाळं. मागच्या रांगेतला मोबाइलवाला तरुण ‘आजी, ॲप घ्या ना’ म्हणतो. आजी खेळायला आलेल्याच नाहीत, हे त्याच्या गावीही नसतं. मालझान यांचा न्याय मी त्यांना लावणार नाही. मी पेनाचं टोपण घालतो, काढतो. ‘मोजा सावकाश,’ म्हणतो.

२०२४ पासून तिकडे कोच हेल्मेटमधून एका खेळाडूच्या कानात थेट बोलू शकतो, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज आपोआप बंद होतो. भाचा हे सांगत असताना आमच्या मॅनेजरसाहेबांचा फोन आला. रविवार होता. मी भाच्याला म्हटलं, ते यंत्र इकडे कितीला पडेल, जरा चौकशी कर.