एकजूट आणि मक्ता

"युनियनमुळे बाजाराचं वाटोळं झालं," असं एक व्यापारी स्नेही परवा बोलता बोलता म्हणाले. ते वाक्य काही डोक्यातून जाईना. सरकारने दरात लुडबुड करू नये, संघटनांनी अडवणूक करू नये, ही बाजू आता सर्वांना पाठ आहे. मला मात्र एक फरक नेहमी महत्त्वाचा वाटतो. एकजूट माणसं स्वतः बांधतात, मक्ता कायदा देतो.

सप्टेंबर 2023 मध्ये कांद्यावरच्या 40 टक्के निर्यातशुल्काविरुद्ध नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. ती एकजूटच होती आणि तो त्यांचा हक्कच होता. मग हमाल काम थांबवून बसले, की ती अडवणूक कशी? मजुरी वाढू नये म्हणून मालक आतून एक असतात, कायदा मात्र मजुरांच्याच एकजुटीवर बंदी घालतो, हे अ‍ॅडम स्मिथने 1776 मध्येच लिहून ठेवलं. खुल्या बाजाराचे आपल्याकडचे सर्वांत खंबीर वकील शरद जोशी. त्यांनीही चाकणच्या कांदा उत्पादकांना रस्त्यावर आणलंच. एकट्यादुकट्याला भाव मिळत नाही, हे त्यांनी पुरतं ओळखलं होतं.

ट्रकच्या फाळक्याशी उभा असलेला हमाल बघा. आकडा रोवून पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेतो; सकाळी या गाळ्यावर, दुपारी त्या. त्याचा मालक कोण? अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेल्या 1969 च्या माथाडी कायद्याने यावर तोड काढली. मजुरी आणि तिच्यावर लेव्ही व्यापाऱ्याने माथाडी मंडळाकडे भरायची, भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मंडळाने बघायची. त्या पाठीची झीज अशी पहिल्यांदा मालाच्या हिशेबात धरली गेली.

पण माझाच फरक इथे मला अडवतो. मंडळाच्या नोंदीत नाव असेल त्यालाच काम, हा कायद्याने दिलेला मक्ता नाही तर काय? गावाकडून पोटासाठी आलेला पोरगा त्याच फाळक्याशी उभा राहिला आणि नोंद बंद असली, तर त्याला कुठल्या तोंडाने एकजुटीची महती सांगायची? एवढ्यापुरतं त्या स्नेह्यांचं म्हणणं मला मान्य करावं लागतं. त्यांचा राग युनियनवर आहे, माझा बंद नोंदीवर. जो ओझं उचलेल त्याचं नाव त्या वहीत लागलंच पाहिजे. माथाडी कायद्यात दुरुस्ती करायचीच असेल, तर लेव्हीला हात न लावता आधी ही एक करा.