आजचं चिंतन : गीता, अध्याय १६ – पहिली संपत्ती कोणती?



आज सोळाव्या अध्यायातले पहिले तीन श्लोक वाचा, आणि मग थेट बारावा-तेरावा. अध्यायाचं नाव आहे दैवासुरसंपद्विभागयोग. नावातच संपत्ती आहे! पण भगवंत इथे संपत्ती म्हणतात ती गुणांना. दैवी संपत्तीचे २६ गुण त्यांनी सांगितलेत. त्यात सत्य आहे, दान आहे, अहिंसा आहे. पण यादीत पहिला नंबर कुणाचा? अभयाचा.

सत्याच्याही आधी अभय का बरं?

पैशाने प्रामाणिकपणा विकला जातो म्हटलं की आपल्याला नोटांची बॅग घेणारा माणूस दिसतो. तो लोभी, आपण बिचारे. पण देणारा हातही असतोच ना? आणि तो बऱ्याचदा भीतीने पुढे होतो. फाईल अडेल, परत खेटे घालावे लागतील, सुट्टी वाया जाईल. मग आपण त्या पैशाला गोड नाव देतो : चहापाणी, चिरीमिरी, सेटिंग. लाच दिली असं कुणी म्हणतं का कधी? नाव बदललं की मन टोचायचं थांबतं. पैसा सगळ्यात आधी आपली भाषा विकत घेतो, न्याय त्याच्या नंतर.

एक साधं उदाहरण घ्या. ड्रायव्हिंगची टेस्ट नीट न देता, वरचे पैसे मोजून लायसन्स मिळवलं. कुणाचं काय गेलं? देणारा खूश, घेणारा खूश. पण उद्या सिग्नलला शाळेतलं पोर हात धरून रस्ता ओलांडत असेल, त्याला या सौद्यात कुणी विचारलं होतं का? आणि जो पोरगा रोजची कमाई बुडवून दोनदा टेस्टला आला, नापास झाला, पुन्हा रांगेत उभा राहिला, त्याचं काय? त्याच्याकडे वरचे पैसे नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा. आपण पैसे देऊन पुढे सरकतो तेव्हा रांगेतला कुणीतरी मागे ढकलला जातो. तो आपल्याला दिसत नाही, म्हणून आपल्याला पाप वाटत नाही.

आता बारावा-तेरावा श्लोक वाचा. भगवंत म्हणतात, आशेच्या शेकडो दोरांनी बांधलेली माणसं भोगासाठी अन्यायाने पैसा साठवतात. आज हे मिळवलं, उद्या तेही मिळवीन, हा त्यांचा जप! अन्यायाने, हा शब्द महत्त्वाचा. धन कमवायला गीता नाही म्हणत नाही. कुणाचा तरी न्याय खाऊन ते आलं, तर ती आसुरी संपत्ती.

अभय म्हणजे काय, हे बघायचं असेल तर रामशास्त्री प्रभुणे आठवा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रघुनाथराव गादीवर आले. न्यायाधीश रामशास्त्रींनी त्याच रघुनाथरावांना दोषी ठरवलं, देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही असं सांगितलं आणि पुणं सोडलं. पद गेलं, मान गेला. विचार करा, गप्प बसण्यासाठी त्यांना वेगळी लाच द्यायचीही गरज नव्हती. मिळणारा पगार आणि मान पुरेसा होता! आपल्यालाही ऑफिसात खोट्या बिलावर सही करताना कुणी थैली देत नाही. पुढच्या अप्रेझलची भीतीच पुरते.

"पण एकट्याने काय होणार? सिस्टीमच अशी आहे!" बरोबर, अडवणूक होते, खूप होते. म्हणून हेही माहीत असू द्या : भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून लाच देणं हाही थेट गुन्हा आहे. पण बळजबरीने द्यावी लागली आणि सात दिवसांत तक्रार केली, तर देणाऱ्याला संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४. तो मोबाईलमध्ये सेव्ह करणं हीसुद्धा साधनाच समजा. अभय आकाशातून पडत नाही, थोडी तयारी लागते.

आजचा छोटा संकल्प : या आठवड्यात जिथे पैसे देऊन पुढे जाता येईल, तिथे रांगेत उभं राहायचं. उभं राहून नामस्मरण करायचं. वेळ जाईल, चिडचिड होईल. पण आपल्या पुढे आणि मागे कोण उभं आहे, ते दिसेल.

पांडुरंगा, आम्हाला पैसा दे, पण त्याआधी अभय दे. दुसऱ्याचा नंबर खाऊन आलेलं सुख आमच्या दारात येऊ देऊ नकोस.

राम कृष्ण हरी! 🙏