पळणारा आणि पळवणारा

अपघात करून पळून जाणारा ट्रकवाला नीच, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. भटजीचं, शेटजीचं, पेपरवाल्याचं, आपल्या पुरोगामी मास्तरांचंसुद्धा. एवढं एकमत दिसलं की मला संशय येतो.

मी गिरणीतला माणूस. मांजर्लीत राहतो, पाळीवर जातो. ट्रक चालवत नाही, पण आमच्या चाळीतले अण्णा वीस वर्षं जड गाडी चालवतात. काटई रस्त्यानं निघायचं, कळंबोली, पुढं न्हावाशेवा. पैसे खेपेवर. गेटवर दहा तास ताटकळलं तर त्याचं दाम नाही.

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकवाल्यांनी चाकं थांबवली. कारण भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२) : बेदरकार गाडी चालवून माणूस मारला आणि पोलिसाला किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत कैद, वर दंड. जुन्या ३०४-अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं होती. पंपांवर रांगा लागल्या. टाक्या रिकाम्या झाल्या तेव्हा पांढरपेशांना कळलं की पेट्रोल कुणीतरी जागून आणतं. २ जानेवारीच्या रात्री दिल्लीनं नमतं घेतलं. १ जुलै २०२४ ला संहिता आली, ते पोटकलम तेवढं बाजूला ठेवून.

ठीक. पण पळणं पाप आहे का, हे काही त्यानं सुटत नाही.

आधी चाकाखालच्या माणसाचं बोलू, नाहीतर आपण ड्रायव्हरचे वकील होऊ. चाकाखाली सहसा बंगलेवाला येत नाही. येतो पायी चालणारा, सायकलवाला, रात्रपाळी सुटलेला. म्हणजे मीच. रक्त वाहत असताना मला ड्रायव्हरची गरिबी ऐकायची नाही, १०८ ची गाडी पाहिजे. फोन लावायला गरिबी आड येत नाही. जो पळताना फोनही करत नाही त्याला मी माफ करणार नाही, तो अण्णा असला तरी.

पण उतरून उभा राहा म्हणणारे कोण? अण्णा म्हणाले, “उतरलो तर लोक मारत्यात, नाय उतरलो तर दहा वर्सं. तूच सांग कंचं सोपं.” १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम १३४ आहे. जखमीला औषधपाणी मिळवून द्यायचं, मात्र जमावाच्या क्षोभामुळं जमत नसेल तर सूट. म्हणजे कायद्यालाच ठाऊक आहे, जमाव येणार. आपल्याला जमाव शिकवायची गरज नाही. तो आधी मारतो आणि मग नाव विचारतो, कधी आधी नाव विचारतो आणि मग मारतो, हे आपल्या बापजाद्यांनी बघितलंय.

धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्खुपाल थेरांची गोष्ट आहे. थेर आंधळे. चंक्रमण करताना पायाखाली किडे मेले. भिक्खू तक्रार घेऊन गेले. बुद्धांनी दोष दिला नाही : थेरांना दिसत नव्हतं, मारायची चेतना नव्हती. ही गोष्ट ऐकून लोक समाधानानं मान हलवतात. मला समाधान होत नाही. थेरांचे डोळे कशानं गेले? वर्षावासाचे तीन महिने आडवं व्हायचं नाही, असं व्रत त्यांनी घेतलं होतं. वैद्यानं आडवं होऊन औषध घाला म्हटलं तरी मोडलं नाही.

अण्णांनी कुठलं व्रत घेतलंय? त्यांचं जागरण बिल्टीबरोबर येतं. शहरात जड गाड्यांना ठरावीक तासांची बंदी, म्हणून रात्र. बंदरावरची वेळ चुकली की कंटेनर राहिला. मालक म्हणतो पार्टीचा फोन येतो, पार्टी म्हणते जहाज सुटतं, आमचा डिस्पॅचवाला म्हणतो सकाळपर्यंत पोचवा. मारायची चेतना कुणाचीच नाही. पण घाईची आहे ना? ती सगळ्यांची आहे, आणि अपघात होतो तेव्हा रस्त्यावर त्यातला एकटाच असतो. मालकाला पळावं लागत नाही. तो तिथं नसतोच.

माझ्या पाळीला भोंगा आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात ड्रायव्हरलाही दिवसाला आठ तास लिहिले होते, लांबच्या खेपेला दहापर्यंत. पण ज्याच्याकडे किमान पाच कामगार त्यालाच तो लागू. दोन गाड्यांचा मालक सुटला. पुढं तो कायदाच २०२० च्या संहितेत विरघळवला. आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची केली आहे. चांगलं आहे. गारव्यात झोप जास्त येते, एवढंच.

१०६(२) परत काढायचं तर काढा. फोन न करता पळणाऱ्याला शिक्षा द्या. पण त्याच कागदावर लिहा की ड्रायव्हर किती तास जागा होता, खेप कुणी दिली, किती वाजता पोच म्हणाला. खाली मालकाची सही घ्या आणि त्यालाही आत बोलवा.

अण्णांना हे वाचून दाखवलं. म्हणाले, “सही करंल की त्यो. लिवंल, डायवर आठ तास झोपून आलाय.”