थांबवण्याचा हक्क

मागच्या पौषात आमची आक्का गेली. पहाटे तीनच्या सुमारास. उजाडेपर्यंत अंगण माणसांनी भरले. आमच्या गल्लीत मराठी किती घरे आणि कानडी किती, हे अशा वेळी कुणी मोजत नाही. तिरडीचे बांबू समोरच्या गौडांनी आणले आणि मडके कुंभारगल्लीतून आले.

आक्काचा धाकटा मुलगा उत्तरेतल्या एका शहरात नोकरीला. आईला अग्नी धाकट्याने द्यायचा, ही आमच्याकडची रीत. त्याला साडेआठचे गोव्याचे विमान मिळाले. अकराला गोव्यात, तिथून चोर्ला घाटाने मोटार, म्हणजे दोन-अडीचला घरी. हिशेब चोख होता. आठ वाजता त्याचा फोन आला, "मामा, धुकं पडलंय. अर्ध्या तासात सुटतं म्हणतात." नऊला पुन्हा तेच. साडेनऊला, दहाला, पावणेअकराला पुन्हा अर्धा तास. मी तो निरोप अंगणात सांगत राहिलो आणि माणसे उन्हाबरोबर सावलीकडे सरकत राहिली. बाराच्या सुमारास मळ्यातल्या म्हाताऱ्या काकूंना भोवळ आली. गौडा जवळ येऊन हळूच म्हणाले, "एष्टोत्त इडतीरी?" किती वेळ ठेवणार?

दोनला फोन आला की विमान चारला सुटेल, आणि या वेळी ते नक्की आहे. तोवर माझ्यातले आणि अंगणातलेही सगळे त्राण संपले होते. मी उठलो आणि "उचला" म्हणालो. अग्नी थोरल्याने दिला. धाकटा रात्री साडेदहाला दारात उभा राहिला. रडला नाही. एवढेच म्हणाला, "मामा, जरा थांबायचं होतं."

तेव्हापासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आम्ही थांबलो नव्हतो का? आठ तास थांबलो होतो. पण आम्ही त्याच्यासाठी थांबलोच नाही, आम्ही सोळा वेळा अर्ध्या तासासाठी थांबलो. सकाळी आठलाच कुणी "चारशिवाय नाही" असे सांगितले असते, तर बर्फ आणला असता, माणसांना घरी जाऊन घोटभर चहा घ्यायला सांगितले असते, दुसऱ्या उजाडीपर्यंत आईला लेकासाठी ठेवले असते. किंवा ठेवले नसते. पण ते आमचे आम्ही ठरवले असते. धुक्याबद्दल माझी तक्रार नाही. धुके कुणी पाडत नाही. अर्धा तास मात्र कुणीतरी सांगत होते.

माणसाला थांबवण्याचा हक्क कुणाला असतो, आणि तो वापरणाऱ्याने थांबणाऱ्याला काय देणे लागते, हा प्रश्न त्यानंतर मला सुटेना. म्हणून विमाने थांबवतात कशी, हे मी वाचायला घेतले. शिक्षकाची खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

विमानाला आकाशात उभे राहता येत नाही. गाडी सिग्नलला उभी राहते, विमान घिरट्या घालते आणि प्रत्येक घिरटीला इंधन जाळते. म्हणून जिथे उतरायला जागा नाही, तिथे जाणारे विमान निघाल्या ठिकाणीच अडवून धरणे शहाणपणाचे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या वॉरेंटनजवळ यासाठी एक मध्यवर्ती केंद्र आहे. त्या देशात रोज चव्वेचाळीस हजारांच्या वर उड्डाणे होतात. कोणत्या विमानतळावर तासाला किती विमाने उतरू शकतील, यावर तिथे नजर असते. तो आकडा घटला, की शेकडो मैलांवरच्या विमानांना नव्या वेळा दिल्या जातात. सॅन फ्रान्सिस्कोचे उदाहरण नेहमी देतात. तिथल्या समांतर धावपट्ट्यांत अंतर अवघे ७५० फूट. आकाश निरभ्र असेल तर जोडीने विमाने उतरवून तासाला साठ, आणि ढग खाली आले की तीस, असा तिथला हिशेब अनेक वर्षे होता. सकाळी तिथे ढग उतरतात आणि शिकागोत एखादा माणूस लख्ख उन्हात विमानात बसून, आपण का थांबलो आहोत म्हणून चडफडतो. आपल्याकडेही दिल्लीत असे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले.

इथपर्यंत सगळा हिशेबाचा मामला. पण वाचता वाचता मला एक गोष्ट सापडली आणि मी चष्मा काढून ठेवला. थांबवायचे तर कुणाला किती, हे ठरवण्याची अमेरिकेतली रीत पूर्वी अशी होती, की विमान कंपन्यांनी कळवलेल्या ताज्यात ताज्या वेळांवरून नव्या वेळा काढायच्या. वरवर किती रास्त! पण समजा एखाद्या कंपनीचे विमान यंत्रातल्या बिघाडामुळे दोन तास उशिरा सुटणार आहे आणि तिने ते प्रामाणिकपणे कळवले, तर केंद्र त्या उशिराच्या वेळेला आरंभ धरून त्यावर धुक्याचा उशीर चढवी. म्हणजे खरे बोलल्याचा दुहेरी दंड. उड्डाण रद्द केल्याचे कळवावे, तर ती जागा हातची जाई आणि कदाचित स्पर्धकाच्या पदरात पडे. मग कोण कळवणार? कंपन्या शेवटच्या क्षणापर्यंत गप्प बसत. परिणामी, न येणाऱ्या विमानासाठी धावपट्टी रिकामी राही आणि येऊ शकणारी विमाने दूर कुठेतरी खोळंबून पडत. कुणी खोटे बोलत नव्हते, फक्त गप्प होते. आणि त्या गप्प बसण्याची किंमत शिकागोतला तो चडफडणारा माणूस देत होता.

जानेवारी १९९८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि नेवार्क इथे नवी रीत वापरायला सुरुवात झाली. मूळ छापील वेळापत्रकात तुमचा जो क्रम, त्यावरून तुमची जागा. नंतर तुम्ही उशीर कळवा की रद्द झाल्याचे कळवा, ती तुमचीच. ती तुम्हाला वापरता येत नसेल, तर इतरांना पुढे सरकवून तुम्हाला वापरता येईल अशी नंतरची जागा दिली जाते. झाले, कंपन्या कळवू लागल्या. माणसे रातोरात सज्जन झाली नव्हती. खरे बोलल्यावर बुडण्याचे भय तेवढे गेले होते. आपण मुलांना सत्याचे पाठ देतो आणि खरे सांगितल्यावर छडीही देतो. चाळीस वर्षे मी तेच केले.

हे वाचले आणि मला वडील आठवले. ते स्टेशनमास्तर होते, मिरज-लोंढा मार्ग मीटरगेज होता त्या काळात, एका बारक्या स्टेशनावर. एकेरी लाइन. पुढच्या स्टेशनाशी तारेने जोडलेले यंत्र, आणि त्यातून निघणारा लोखंडी गोळा. पुढच्या मास्तराने तिकडून मुभा दिल्याशिवाय इकडच्या यंत्रातून गोळा निघत नसे, आणि वेताच्या कड्यात अडकवलेला तो गोळा हाती पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसे. दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गोळा, म्हणजे एकच गाडी. विमानांचे एवढे अवाढव्य तंत्र मला कळले ते त्या गोळ्यामुळे.

दुसऱ्या स्टेशनांवर गाडीबद्दल विचारले की ठरलेले उत्तर असे. "गाडी यावाग बरतैत्री?" "बरतैति, बरतैति." येईल, येईल. वडील मात्र कंट्रोलला फोन लावून खडूने फळ्यावर खरा आकडा लिहीत, तीन तास तर तीन तास. सहकारी त्यांना हसत. एवढे लिहिल्यावर लोक भांडायला येतात, त्यापेक्षा थोडे थोडे सांगावे, म्हणजे तीन तास कसे गेले ते कळतही नाही. या युक्तिवादात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. आजाऱ्यालाही आपण थोडे थोडे सांगतो. पण आजाऱ्याला सांगताना आपण त्याचा जीव सांभाळत असतो. फळ्याजवळ मास्तर स्वतःचा सांभाळत असतो.

एका रात्री पुढच्या टप्प्यात मालगाडीचे इंजिन बंद पडले आणि पॅसेंजर आमच्या स्टेशनात उभी राहिली. तिच्यात एक शेतकरी होता आणि अडलेली बायको. मिरजेला दवाखान्यात न्यायची होती. त्याने वडिलांचे दोन्ही हात धरले. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन, दारात उभा होतो. वडील त्याला म्हणाले, "ताळ्री." कानडीतल्या 'ताळु' या धातूत थांबणेही आहे आणि सोसणेही. 'ताळिदवनु बाळियानु', सोसतो तो जगतो, ही म्हण आपल्याकडच्या मराठी घरांतही म्हणतात. पण वडील तेवढ्यावर थांबले नाहीत. दीड तास गाडी हलणार नाही, हे त्यांनी त्याला स्पष्ट सांगितले, आणि डांबरी रस्त्यापर्यंत पोचवायला पोर्टरची बैलगाडी जुंपायला लावली. रस्त्यावर ट्रक मिळाला की नाही, बाई वाचली की नाही, आम्हाला कधी कळले नाही. आई वर्षभर विचारत होती.

त्या रात्री गाडी सोडली असती तर काय झाले असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ते झाले नाही, म्हणून त्या वाचलेल्यांना चेहरा नाही. थांबण्याने ज्याचे नुकसान झाले, त्याला मात्र चेहरा असतो आणि तो आपले हात धरतो. थांबवणाऱ्याची खरी अडचण ही आहे. ज्यांच्यासाठी थांबवायचे ते अदृश्य, आणि ज्याला थांबवायचे तो समोर. म्हणूनच दुर्घटनेनंतर जगाला शहाणपण येते आणि शांततेच्या काळात ते ओसरते. १ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर दोन विमाने हवेत आदळली. ७१ माणसे गेली, त्यांत बहुतेक शाळकरी मुले. त्या आकाशावर झुरिकहून लक्ष ठेवायला त्या वेळी एकच नियंत्रक होता. दुसरा विश्रांतीला गेला होता, रात्री असे करणे तिथे चालत आले होते. मुख्य यंत्रणेची दुरुस्ती चालू होती, फोनही धड नव्हते. दोन पडद्यांमागे एकटा माणूस, हीच त्या आकाशाची क्षमता होती. पण तसे कुणी कबूल केले नव्हते, म्हणून कुणी विमान थांबवलेही नव्हते. मेलेल्या मुलांच्या एका बापाने २००४ मध्ये त्या नियंत्रकाच्या घरी जाऊन त्याला भोसकून मारले. दुःखाला एक चेहरा हवा होता, तो त्याला मिळाला.

क्षमता हा शब्द आपण यंत्राचा मानतो. तो अखेर कुणातरी माणसाचा डोळा आणि झोप यांचा असतो. ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेतले नियंत्रक पगारासाठी आणि कामाचे तास कमी व्हावेत म्हणून संपावर गेले. सरकारी नोकरांना संपाची मुभा नव्हती. अध्यक्ष रेगन यांनी ११,३४५ जणांना काढून टाकले. मग उरलेल्यांना झेपतील तेवढीच विमाने उडवावी लागली आणि जमिनीवर अडवून धरण्याची पद्धत तिकडे रुळली. २०२५ च्या ऑक्टोबरात तिथले सरकार अंदाजपत्रकाच्या भांडणात बंद पडले, तेव्हा नियंत्रक पगाराविना काम करत होते. काही येईनासे झाले. ७ नोव्हेंबरपासून चाळीस विमानतळांवरची उड्डाणे आधी चार टक्क्यांनी कमी केली. भांडण राजकारण्यांचे, ताण नियंत्रकांवर आणि खोळंबा प्रवाशांचा, ही वाटणी न्यायाची नव्हे. तरी मर्यादा उघड बोलून दाखवली, एवढे त्यांच्या बाजूने म्हणावे लागेल. योगायोग असा, की त्याच दिवशी दिल्लीत उड्डाणांचे संदेश पोचवणारी संगणक यंत्रणा बिघडली होती, नियंत्रक हाताने काम उरकत होते आणि आठशेहून अधिक विमानांना उशीर झाला.

भाच्याला मी यातले काही सांगितले नाही. सुतकात असल्या गोष्टी सांगायच्या नसतात. आणि सांगितल्या असत्या, तरी "जरा थांबायचं होतं" याला ते उत्तर झाले नसते. "उचला" मीच म्हणालो होतो. त्याला सकाळी कुणी खरे सांगितले नाही हे जसे खरे, तसे दोनला खरे कळल्यावरही मी आणखी आठ तास थांबलो नाही, हेही खरे आहे. तेराव्याच्या रात्री मी त्याला एवढे बोलून दाखवले. तो काही म्हणाला नाही. अंधारात माझ्या शेजारी बराच वेळ बसून राहिला.

चौदाव्या दिवशी तो परत निघाला. गोव्याच्या विमानतळावरून दुपारी फोन आला.

"मामा, विमानाला उशीर आहे. साडेचार तास म्हणाले."

"अर्धा तास नाही म्हणाले?"

"नाही. साडेचार म्हणाले."

"मग रे?"

"मग काय, बाहेर जाऊन जेवून येतो. आईनं केलेल्या लोणच्याची बरणी उघडतो."