वर्षातून एकदा येणारा माणूस

निफाड तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. फेब्रुवारीत शेवटच्या वर्षाची पोरं जर्नलवर सह्या घ्यायला यायची, तेव्हा मी प्रत्येकाला एकच विचारायचो, ‘पुढे काय?’ उत्तरं ठरलेली. एमपीएससी, पोलीस भरती, नाहीतर ‘बघू सर’.

एका पोराने सांगितलं, ‘तलाठी.’

‘तलाठीच का रे?’

‘चुलतभाऊ तेच करतोय, सर.’

करतोय म्हणजे तयारी करतोय. आपल्याकडे तयारी हाही एक व्यवसायच झाला आहे. या पोराच्या वडिलांची द्राक्षं युरोपला जायची. मी विचारलं, ‘तुमच्या बागेत सॅम्पल घ्यायला येतो तो माणूस कोण?’ म्हणाला, ‘लॅबवाले आहेत कुणीतरी. वर्षातून एकदा येतात.’ त्या माणसाची पिशवी याने शाळकरी वयापासून गाडीपर्यंत उचलून दिली होती. तो काय शिकला असेल, दिवसभर काय करत असेल, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

युरोपात द्राक्षं पाठवायची तर बागेची नोंदणी लागते आणि मालात औषधांचा उर्वरित अंश किती आहे, हे अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय प्राधिकरणाने, मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेतून तपासून घ्यावं लागतं. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या एका संजीवकाच्या अंशापायी आपले कंटेनर तिकडे अडकले, तेव्हा निफाड-दिंडोरीच्या घराघरांत ते अवघड नाव पाठ झालं होतं. ते नाव शोधून काढणारी यंत्रं चालवायला रसायनशास्त्राचे पदवीधरच लागतात. म्हणजे ज्या विषयात हा पोरगा पदवी घेत होता, त्या विषयावर त्याच्या घरचं वर्षाचं उत्पन्न टांगलेलं होतं. आणि तो तलाठी होणार होता, कारण चुलतभाऊ तेच करत होता.

मला त्याचा राग आला नाही. माहिती माणसांच्या रस्त्याने चालते, आणि त्याच्या ओळखीतला प्रत्येक रस्ता एकाच पारावर येऊन थांबत होता.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकऱ्या बदललेल्या लोकांना विचारलं होतं, की नोकरीची खबर तुम्हाला कुणाकडून लागली? 1973 साली त्याने जे छापलं ते आजही चकित करतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम सहाव्या हिश्श्याला ती खबर वरचेवर भेटणाऱ्या माणसाने दिली होती. बाकी साऱ्यांना ती मिळाली अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना आपल्याला माहीत आहे तेच माहीत असतं. नवं काही आणतो तो लांबचा माणूस. आपलेपणा एकाकडे आणि उपयोग दुसऱ्याकडे, अशी ही गैरसोयीची वाटणी आहे.

पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत पाऊल टाकलं की हे डोळ्यांना दिसतं. शेजारी शेजारी टेबलं, एकाच प्रकाशनाची पुस्तकं, एकच मेस, चहाच्या टपरीवर कट ऑफची एकच चर्चा. जिवाला जीव देणारी दोस्ती तिथे होते, पण पुस्तकाच्या आणि परीक्षेच्या बाहेर जगात काय चाललं आहे, याची वार्ता कुणीच कुणाला देऊ शकत नाही. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38 आहे. ही मर्यादा सरकारने आपल्या सोयीने घातलेली. पुष्कळांनी तीच स्वतःची मुदत मानली, स्वतःची वेगळी मुदत ठरवलीच नाही.

मुंबईच्या गिरण्या याच जवळच्या ओळखीवर भरल्या. कोकणातला, घाटावरचा माणूस यायचा तो गाववाल्याच्या खोलीवर. खानावळ गावच्या बाईची आणि खात्यात शब्द टाकणारा जॉबरही ओळखीतला. कामगाराला घेणं-काढणं जॉबरच्या हाती असे आणि त्याबद्दल तो दस्तुरीही उकळत असे. शहरात पाय रोवायला या व्यवस्थेने जो आधार दिला, तो कुठल्याच सरकारी कचेरीने दिला नसता. पण 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख माणसं एकदम बाहेर बसली, तेव्हा खोलीतल्या एकाचंच नव्हे, साऱ्यांचंच काम गेलं. भाऊ, मेहुणा, शेजारी, सगळे त्याच दारात उभे. दुसऱ्या दाराची वाट सांगणार कोण?

आपली अडचण अशी की जॉबरच्या त्या दस्तुरीने ओळख हा शब्दच बाटला. ‘वशिला’ हा मूळचा अरबी शब्द. त्याचा अर्थ एवढाच, की साधन, दुवा. मराठीत येऊन तो शिवीच्या जवळ गेला. मध्यमवर्गीय घरांत तर वशिल्याशिवाय लागलो, हे बापाने मुलाला ऐकवायचं पदकच असतं. हा अभिमान मला आवडतो. पण त्याच्या पोटात एक भित्रेपणा लपलेला असतो, तो आवडत नाही. नोकरी मागणं वेगळं आणि माहिती विचारणं वेगळं. पहिल्यात दुसऱ्याचा हक्क मारला जाऊ शकतो. दुसऱ्यात समोरच्याची पंधरा मिनिटं जातात, आणि आपल्या कामाबद्दल बोलायला आवडत नाही असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

इथे मला माझ्याच एका विद्यार्थिनीने गप्प केलं होतं. ती म्हणाली, ‘सर, ओळख असायलाही आधी कुणीतरी असावं लागतं. आमच्या वस्तीत बागा नाहीत, सॅम्पलवालेही येत नाहीत. परीक्षेच्या हॉलमध्ये मला कुणी आडनाव विचारत नाही.’ खरं आहे. आपल्याकडे ओळखी जातीच्या पाटाने वाहतात, आणि उत्तरपत्रिकेवर नुसता क्रमांक असतो ही या राज्यातली फार मोठी गोष्ट आहे. म्हणून स्पर्धा परीक्षेच्या पोरांवर विनोद करणाऱ्यांत मी बसत नाही. पण 2023 च्या तलाठी भरतीत जागा होत्या 4,644 आणि अर्ज दहा लाखांवर. दार न्यायाचं असलं म्हणून ते रुंद होत नाही. तिला मी एवढंच म्हणू शकलो, की मग तुझ्या ओळखींची यादी माझ्यापासून सुरू कर. मास्तर हा अशांसाठीच लांबचा ओळखीचा असतो. माझे जुने विद्यार्थी औषध कंपन्यांत होते, साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांत होते. त्यांचे नंबर माझ्या वहीत नुसते पडून होते. हे मला ती बोलल्यावर सुचलं, आधी नाही, याची लाज अजून वाटते.

नोकरीचं नियोजन म्हटलं की पोरं बायोडाटा रंगवायला बसतात आणि रात्रीत शंभर ठिकाणी पाठवतात. बटण दाबायला कष्ट पडत नाहीत, म्हणून त्याची किंमतही तेवढीच. त्यापेक्षा वीस माणसांची यादी अवघड. त्यात घरचे नकोत, रोजचे मित्र नकोत. आणि विचारायचं काय, तर ‘जागा आहे का’ हे सोडून बाकी सगळं. सकाळी गेल्यावर पहिलं काम काय करता? कंटाळा कशाचा येतो? माझ्या वयाचे असताना काय शिकला असतात तर बरं झालं असतं? ध्येय ठरवा, मग वाट सापडेल, असं व्याख्यानांतून सांगतात. मला उलट दिसत आलं आहे. बाविसाव्या वर्षी ज्या कामाचं नावही ऐकलेलं नाही, ते ध्येय म्हणून कुणी ठरवणार कसं?

द्राक्षबागेच्या त्या पोराला मी सॅम्पलवाल्याला फोन करायला सांगितलं होतं. त्याने दोन आठवडे काढले. मग एकदा प्रयोगशाळेच्या दारातून म्हणाला, ‘सर, केला फोन.’ समोरून उत्तर आलं होतं, की आत्ता हंगाम आहे, मान वर करायला वेळ नाही, मे महिन्यात ये. आणि येताना बूट घालून ये, चपलेवर आत सोडत नाहीत. मे महिन्यात तो गेला. परत आल्यावर विचारलं, कसं वाटलं?

‘द्राक्षाचा लगदाच करत बसावं लागतं हो सर सुरुवातीला. मशीनला हात कधी लावू देतात कुणास ठाऊक.’

‘मग?’

‘बघू सर.’

पण या ‘बघू’चा सूर वेगळा होता. जाता जाता त्याने मोबाइल दाखवला. वडिलांच्या फोनमध्ये तो नंबर ‘सॅम्पलवाले’ म्हणून होता. त्याने स्वतःच्या फोनमध्ये नाव आणि आडनाव घालून ठेवला होता, आणि त्याच्याखाली आणखी दोन नवे नंबर.