पाठलागाचा उत्सव

इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, डेव्हन परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर कूम मार्टिन नावाचे एक लांबट गाव आहे. ‘कूम’ म्हणजे दरी. दोन डोंगरांमधील चिंचोळ्या जागेत घरांना पसरायला वाव नव्हता, म्हणून ती एकाच रस्त्याच्या दोन्ही कडांनी समुद्रापर्यंत वसत गेली. या दरीच्या पोटात चांदी होती. तेराव्या शतकाच्या अखेरीस राजा पहिल्या एडवर्डच्या काळात डेव्हनमधील चांदीच्या खाणींसाठी डर्बीशर आणि वेल्समधून कामगार आणले गेले; म्हणजे या भूमीला परक्यांच्या श्रमांची ओळख जुनी आहे. पुढे खाणी ओसरल्या आणि लोक भाजीपाला व स्ट्रॉबेरी पिकवू लागले. १६९०च्या सुमारास जॉर्ज ले नावाच्या एका गृहस्थाने जुगारात जिंकलेल्या पैशांतून येथे पत्त्यांच्या जोडासारखे चार मजल्यांचे आणि बावन्न खिडक्यांचे घर बांधले, असे सांगतात. ते घर अजून उभे आहे. खेळाचे वेड असलेले गाव, असेच म्हणायला हवे!

या गावचा उन्हाळी सण विलक्षण आहे. मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी, सरकारी सुटीच्या दिवशी, सारा गाव ‘अर्ल ऑफ रोन’ नावाच्या एका सरदाराचा शोध घेतो. अंगावर गवत भरलेले गोणपाट, तोंडावर भेसूर मुखवटा आणि गळ्यात जहाजावरील कडक बिस्किटांची माळ, असा त्याचा वेश. लाल डगल्यांतील शिपाई त्याला रानातून हुडकून काढतात, गाढवावर उलट्या तोंडाने बसवतात आणि वाजतगाजत त्याची धिंड काढतात. वाटेत ते त्याच्यावर पुन्हा पुन्हा गोळ्या झाडतात. तो कोसळला की शिपाई जल्लोष करतात. मात्र मिरवणुकीतील कापडी घोडा आणि विदूषक शोक करीत त्याच्याजवळ धावतात, त्याला पुन्हा जिवंत करतात व गाढवावर बसवतात. (गोव्यातील वाचकांना या घोड्यावरून आपली घोडेमोडणी आठवेल.) शेवटी किनाऱ्यावर त्याला अखेरची गोळी लागते आणि त्याला समुद्रात फेकले जाते. पूर्वी हा सण प्रभूच्या स्वर्गारोहणाच्या दिवशी होत असे.

हा सरदार कोण? दंतकथा सांगते की, आयर्लंडमधील टिरोनचा अर्ल ह्यू ओ'नील पळून जात असताना त्याचे जहाज या किनाऱ्यावर फुटले. तो रानात लपला, बिस्किटांवर जगला आणि बार्नस्टेपलहून आलेल्या ग्रेनेडियर शिपायांनी त्याला पकडले. इतिहास याच्या नेमका उलट आहे. नऊ वर्षे इंग्रजी सत्तेशी झुंजलेला हा कॅथलिक सरदार सप्टेंबर १६०७मध्ये रॅथमलनच्या बंदरातून कुटुंबीय व सोबत्यांसह निघाला. त्या प्रवासाचा वृत्तांत उपलब्ध आहे. वादळ शमावे म्हणून पवित्र क्रुसाचा अवशेष असलेला सोन्याचा क्रूस त्यांनी जहाजामागे समुद्रात सोडला होता, अशी नोंद त्यात आहे. त्यांना जायचे होते स्पेनला. वाऱ्याने नेले नॉर्मंडीला. तेथून ते रोमला पोहोचले. १६१६मध्ये ओ'नील रोममध्येच वारला आणि मोंतोरिओ टेकडीवरील संत पेत्राच्या चर्चमध्ये त्याला मूठमाती मिळाली. डेव्हनमध्ये तो कधीच पकडला गेला नाही. ग्रेनेडियर शिपाई तर इंग्रजी सैन्यात आले १६७०च्या दशकात. सारांश, जी शिकार हातून निसटली, ती गावाने खेळात साधून घेतली.

मला प्रश्न पडतो तो येथे. पळणाऱ्या माणसाच्या पाठलागाचा खेळ करणे निष्पाप असू शकते काय?

‘खेळच तो, एवढे काय मनावर घ्यायचे?’ हे एक उत्तर झाले. ते सर्वस्वी टाकाऊ नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी खेळ व विनोद यांना सद्गुणांत स्थान दिले आहे. त्यांचा अतिरेक हा जसा दोष, तसाच त्यांचा संपूर्ण अभाव हाही दोषच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘बंद करून टाका’ हे दुसरे उत्तर. तेही एकदा देऊन झाले आहे. १८३७मध्ये हा सण बंद पाडण्यात आला आणि पुढे १९७०च्या दशकात गावाने त्याचे पुनरुज्जीवन केले. पण बंदीचे कारण काय होते? दारूबाजी आणि स्वैराचार. नीतिरक्षकांना पेला दिसला, बंदूक दिसली नाही. आपल्या धर्मग्रामांतील सणांवर आम्ही धर्मगुरू जे कोरडे ओढतो, त्यांचीही दिशा बहुधा हीच असते.

संत ऑगस्टीन आपल्या आत्मकथनात अलीपियस या मित्राची हकिगत सांगतात. मित्रांनी बळेच रंगणात नेलेला हा तरुण डोळे मिटून बसला होता. त्याचे डोळे उघडले ते गर्दीच्या आरोळीने. आणि मग तो त्या रक्ताच्या खेळाचा होऊन गेला. गर्दीची एकी अशी सुखकारक असते. फ्रेंच कॅथलिक विचारवंत रने जिरार (१९२३–२०१५) यांनी याच गोष्टीचा आयुष्यभर माग काढला. एकाला बाहेर काढून उरलेले सारे एक होतात आणि त्या प्रसंगाची कथा पाठलाग करणाऱ्यांच्या बाजूने सांगितली जाते. शुभवर्तमान मात्र तीच कथा बळीच्या बाजूने सांगते.

तथापि सर्वच खेळांना एका मापाने मोजता येत नाही. आपल्या किनारपट्टीवर ३१ डिसेंबरच्या रात्री ‘म्हातारा’ जाळतात. तो कोणीच नसतो. सरलेल्या वर्षाला दिलेले ते रूप. बीड जिल्ह्यातील विडा गावी धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. जावई आधीच दडून बसतात, गावकरी त्यांना हुडकून आणतात. पण ती मिरवणूक नव्या कपड्यांच्या आहेराने संपते. बाहेरून आलेल्या माणसाची थट्टा करून गाव त्याला आपला म्हणतो. कूम मार्टिनच्या अर्लला ना म्हाताऱ्याचे अनामिकपण, ना जावयाचा आहेर. त्याला नाव आहे, देश आहे, रोममध्ये कबर आहे.

आणखी एक गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. याच भागात, बार्नस्टेपलजवळच्या यूल्स्टन येथे, कथबर्ट मेन हा मुलगा जन्मला. तो बार्नस्टेपलच्या शाळेत शिकला, पुढे दुएच्या गुरुविद्यालयातून धर्मगुरू होऊन परतला. कॉर्नवॉलमध्ये एका जमीनदाराच्या घरी तो कारभाऱ्याच्या वेशात राहत असे. १५७७च्या जूनमध्ये शेरीफने घराला वेढा घालून त्याला पकडले आणि नोव्हेंबरअखेरीस लॉन्सेस्टन येथे त्याचा वध झाला. इंग्लंडसाठी परदेशात तयार झालेल्या धर्मगुरूंपैकी तो पहिला हुतात्मा. १९७०मध्ये त्याला संतपद मिळाले. वेश पालटणे, लपणे, पाठलाग, पकड, वध: दंतकथेत ओ'नीलवर लादलेले बहुतेक सारे या भागातील एका शेजाऱ्याच्या पोरावर खरोखर गुदरले होते. लोकांच्या खेळात तो नाही. परक्याची शिकार हसत आठवता येते. आपल्याच माणसाची शिकार आठवायची म्हटली, तर तो कोणाच्या संमतीने पकडला गेला हेही विचारावे लागते. दंतकथा जाणूनबुजून रचली गेली, असे मी म्हणत नाही. विस्मरणाला कारस्थानाची गरज लागत नाही, एवढेच.

मग तो सण थांबवावा काय? माझ्या मते थांबवू नये. कारण त्या खेळातच एक साक्ष दडलेली आहे. शिपाई जिंकतात तेव्हा घोडा आणि विदूषक पडलेल्याजवळ बसतात. गावाने ही दोन पात्रे का राखली? नुसती शिकारच हवी असती तर एक गोळी पुरली असती. एका पिढीने दुसरीला पाठलाग शिकवला, आणि त्यासोबत हा शोकही शिकवला. अर्थात घोड्याने नि विदूषकाने कितीही वेळा उठवले तरी अखेर त्याला समुद्राकडेच नेले जाते, हे मी विसरत नाही.

कूम मार्टिनचे पुरातन चर्च संत पेत्राच्या नावाने आहे. परंतु हा किल्ल्या हाती घेतलेला पेत्र नव्हे. ते आहे ‘बेड्यांतील संत पेत्रा’चे चर्च. प्रेषितांच्या कृत्यांत देवदूत ज्याच्या बेड्या गळून पाडतो आणि जो रात्री पहारेकऱ्यांच्या मधून निसटून मरियेच्या दारावर थाप मारतो, तो पेत्र. दार उघडायला आलेली रोदा त्याचा आवाज ओळखून इतकी हरखते की दार न उघडताच आत धावत जाते. आतली माणसे तिला म्हणतात, तू वेडी आहेस. पेत्र बाहेर थाप मारीतच राहतो.