शर्यतीनंतरचा सोमवार

पुण्यात पहाटे पाचला वेताळ टेकडीवर, बोपदेव घाटात किंवा सिंहगडाच्या रस्त्यावर जे धावताना, सायकल चालवताना दिसतात, त्यांतल्या बहुतेकांना नऊ-दहाच्या सुमारास हिंजवडी, खराडी, एखादं रुग्णालय किंवा शिवाजीनगरचं कोर्ट गाठायचं असतं. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली. आज पुणे ते गोवा अशी ६४३ किलोमीटरची डेक्कन क्लिफहँगर सायकल शर्यतही नोकरदार माणसं पुरी करतात. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी आपला पेशा सांभाळून २०१५ मध्ये सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पार केली. तेव्हा हे जमतं का, हा वाद आता उरलेला नाही. प्रश्न आहे तो टिकून राहण्याचा. ऑफिसातल्या बारा तासांनंतर दुसऱ्या दिवशी पहाटे उठण्याची उमेद महिनोन्‌महिने कुठून आणायची, हे सहसा प्रशिक्षकाला विचारलं जातं. माझ्या मते हा मुळात गीतेतला प्रश्न आहे: कर्माचं आणि फळाचं नातं काय असावं? फळावर टांगलेली उमेद प्रपंच करणाऱ्या माणसाला पुरत नाही. त्याचं मन दुबळं असतं म्हणून असं होतं, हे मला पटत नाही. फळाचा स्वभावच तसा आहे.

फळ उशिरा मिळतं, एकदाच मिळतं आणि मिळालं की संपतं. रविवारी मेडल गळ्यात पडतं आणि सोमवारी गजर वाजतो तेव्हा उठायला कारण उरलेलं नसतं. मग आणखी लांबची शर्यत नोंदवली जाते. मनासारखं टायमिंग आलं नाही, तर सहा महिने पाण्यात गेले असं वाटतं. शरीराचं शास्त्रही फळाची घाई असणाऱ्याच्या बाजूने नाही. दमसास वाढतो तो स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि पेशींतली मायटोकॉन्ड्रिया हळूहळू वाढल्यामुळे, आणि त्याला आठवडे, महिने लागतात. स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ८० टक्के सत्रं सहज बोलता येईल इतक्या संथ गतीची निघाली. ज्या तासांबद्दल कुणाला सांगावं असं काही घडत नाही, त्याच तासांत ताकद साठत असते. मनाचंही तसंच आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली. ज्यांना त्याचे पैसे मिळाले, त्यांचा कोड्यांतला रस पैसे थांबल्यावर कमी झाला. एका प्रयोगावर तत्त्वज्ञान उभारू नये हे खरं. पण बाहेरचं बक्षीस आतली गोडी खाऊन टाकू शकतं, एवढं तो नक्की दाखवतो.

मन आवरायला पतंजलींनी अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय एकत्र सांगितले. गीतेच्या सहाव्या अध्यायात श्रीकृष्णही अर्जुनाला हीच जोडी सांगतात. पतंजलींच्या मते अभ्यास पक्का व्हायचा तर तो दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरपूर्वक व्हायला हवा. पुढे त्यांनी वाटेतली नऊ विघ्नं मोजली आहेत. त्यांत आजारपण, मरगळ, शंका आणि आळस तर आहेतच. शेवटची दोन म्हणजे मजल हाती न लागणं आणि लागलेली मजल न टिकणं. दमसासाचा सराव करणाऱ्या कुणालाही ही यादी ओळखीची वाटेल. इथे रास्त आक्षेप असा की, ज्याला रात्रपाळी आहे, ज्याच्या मुलाला ताप येतो, त्याने ‘खंड न पडता’ ही अट पाळायची कशी? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. सवय अंगवळणी पडायला माणसामाणसागणिक १८ ते २५४ दिवस, मध्यक काढला तर ६६ दिवस लागले. आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. म्हणून अखंडता मी पुन्हा परतण्यात पाहतो. आणि वैराग्य लागतं ते नेमकं चुकलेल्या दिवसाच्या बाबतीत. गेलेले किलोमीटर गेले म्हणून सोडून देता यायला हवेत. ते दुसऱ्या दिवशी दुप्पट धावून वसूल करण्याच्या हट्टातून नडगीची, गुडघ्याची दुखणी ओढवतात.

फळाची आस सोडली तर दिशा कशी राहणार, असं कुणी विचारेल. याचं उत्तर दरवर्षी या शहरातून चालत जातं. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. आषाढी एकादशीची तिथी ठरलेली, मुक्काम ठरलेले. पुण्यातल्या मुक्कामानंतर दिवेघाट चढून सासवड गाठायचं, हा मोठा टप्पाही ठरलेला. कोणत्याही मॅरेथॉनच्या वेळापत्रकाइतकी ही शिस्त काटेकोर आहे. तरी गर्दीमुळे कित्येक वारकरी कळसाचं दर्शन घेऊन माघारी फिरतात आणि वारी फुकट गेली असं मानत नाहीत. पंढरपूर दिशा देतं; वाटेवरच्या एकेका दिवसाचं मोल मात्र त्या दिवसापाशीच असतं. धावणाऱ्यापुढे विठ्ठल नसतो, हा फरक मोठा आहे आणि तो पुसायची माझी इच्छा नाही. पण दिंडीत आपली जागा असते, आपण दिसलो नाही तर कुणीतरी विचारतं, आणि स्वतःची इच्छा आटते त्या दिवशी दिंडी चालवून नेते. टेकडीवर ठरलेल्या वेळी भेटणारे चार सोबतीही हेच करतात.

जिंकण्याच्या भुकेनेच माणसं विजेती होतात, हा आक्षेप व्यावसायिक खेळाडूपुरता मला मान्य आहे. फळ ही त्याची रोजीरोटी असते. ज्याची रोजीरोटी दुसरीकडे आहे, त्याने ती भूक उसनी आणण्याचं कारण नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. आठवड्याचे दहा-बारा तास हा माणूस कुणाच्या वाट्यातून घेतो? लोकमान्य टिळकांनी डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष शरीर कमावण्याला दिलं, हे आपण अभिमानाने सांगतो. पण तेव्हा त्यांच्यावर संसाराचा भार नव्हता. त्याच टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त निष्काम कर्माला लोकसंग्रहाशी बांधलं. आपल्या कर्माने भोवतालचं जग सावरलं जातं का, ही ती कसोटी. माणूस लांब पल्ल्याच्या धावण्याने चिडचिडा, अर्धवट झोपलेला आणि घरात पाहुण्यासारखा होत असेल, तर तो सराव कितीही कष्टाचा असला तरी आसक्तीच आहे. अति जागणाऱ्याला आणि अति उपाशी राहणाऱ्याला योग साधत नाही, असं गीता बजावते ती याचसाठी. रविवारी चार तास बाहेर राहणाऱ्याने शनिवारची पहाट घरातल्या दुसऱ्या माणसाला मोकळी करून द्यावी. शर्यतीचे पैसे भरण्याआधी घरी विचारावं. भरून झाल्यावर नुसतं कळवू नये. मार्चअखेरीच्या हिशेबांत किंवा घरच्या आजारपणात किलोमीटर निम्म्यावर आणावेत, पण धावणं पूर्ण थांबवू नये. दोन-चार आठवडे सराव बंद पडला की शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता घसरू लागते, आणि थोडक्या पण दमदार सरावावर ती बऱ्यापैकी तग धरते.